टूल निवडण्याआधी मुलांचा फोन बघा

जूनमध्ये शाळा उघडली की स्टाफरूममध्ये मुलांनी ऑनलाइन मिळून काम करायचं एखादं नवीन टूल येतंच. कुणी ट्रेनिंगला जाऊन आलेलं असतं, कुणाच्या भाचीच्या शाळेत ते वापरतात, कधी संस्थेकडूनच फर्मान सुटतं. मग मुख्याध्यापक सगळ्यात नव्या शिक्षकाकडे वळून म्हणतात, “तुम्हाला यातलं कळतं, तुम्हीच बघून सांगा कसं आहे ते.” हा लेख त्या नव्या शिक्षकासाठी आहे.

“बघून सांगा” म्हणजे बहुतेक वेळा काय होतं? शाळेच्या वायफायवर, लॅपटॉपवर, दोन-तीन शिक्षक मिळून टूल उघडतात. एकजण रंगीत चौकोन चिकटवतो, दुसऱ्याला तो दिसतो, सगळे खूश. मग तीच लिंक नववीच्या ग्रुपवर जाते आणि रात्री आठनंतर मेसेज सुरू होतात: “बाई, ॲक्सेस मागतंय.” “सर, माझं लिहिलेलं गेलं.” “मॅडम, पप्पा आल्यावर फोन मिळेल.” टूल वाईट असतं असं नाही. ते तपासलं गेलं ती जागा आणि वापरलं जाणार ती जागा, या दोन वेगळ्या आहेत एवढंच.

त्यात ही टूल्स एकट्याने वापरायची नसतात. शेअर केलेलं डॉक्युमेंट, ऑनलाइन फळा, गटाची चर्चा, यांतले खरे दोष दोन-तीन जणांनी एकाच वेळी हात घातल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणून खालच्या पद्धतीत तुम्ही स्वतः कमी तपासायचं आहे आणि मुलांना जास्त बसवायचं आहे.

पहिली पायरी: टूल बाजूला ठेवा, काम ठरवा

वापरसुलभतेची एक आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे, आयएसओ ९२४१-११ या मानकातली. ती १९९८ सालची, २०१८ मध्ये सुधारलेली. तिचं सार असं की ठरावीक माणसांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम पूर्ण करता आलं का, त्याला किती वेळ आणि कष्ट लागले, आणि त्यांना ते करताना बरं वाटलं का, हे पाहायचं. “हे टूल सोपं आहे का?” हा प्रश्नच त्यामुळे अर्धवट ठरतो. कुणासाठी, कशासाठी, कुठे बसून, हे आधी लिहायला हवं.

एक उदाहरण धरून चालू. नववीतल्या तीन-तीन मुलांच्या गटाने मिठी नदीवर दोन पानी प्रकल्प करायचा आहे. विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून निघून माहीमच्या खाडीपर्यंतचा मार्ग, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस, नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्या एखाद्या आजोबांशी बोलून लिहिलेला मजकूर, एक फोटो, एक तक्ता. एकाने लिहायचं, दुसऱ्याने सुधारायचं, तिसऱ्याने तक्ता भरायचा, आणि हे सगळं घरून.

आता या कामाला काय काय लागतं ते बघा: मराठीत टाइप करणं, फोटो टाकणं, तक्ता भरणं, दुसऱ्याचं वाक्य न खोडता त्याला चूक दाखवणं, कुणी काय लिहिलं ते कळणं. यादी पाच-सहा ओळींची होते. टूलच्या जाहिरातीतल्या बाकीच्या पन्नास सोयी विसरा.

दुसरी पायरी: घरातली परिस्थिती विचारून घ्या

वर्गात हात वर करायला लावू नका. “कुणाकडे फोन नाही?” हा प्रश्न चाळीस जणांसमोर विचारणं म्हणजे दोघा-तिघांना उभं करून लाजवणं. चिठ्ठ्या वाटा, नाव न घालता उत्तरं मागवा. घरात फोन कुणाचा, तुझ्या हातात किती ते किती येतो, रोजचा डेटा किती, फोनमध्ये जागा शिल्लक आहे का, कॉम्प्युटर आहे का.

मुंबईतल्या साध्या मराठी शाळेत या चिठ्ठ्या वाचल्या की बरेच निर्णय आपोआप होतात. फोन आईचा, म्हणजे लॉगिनही आईचं, म्हणजे डॉक्युमेंटमध्ये नाव आईचं. तीन गटांत तीन आया लिहिताना दिसतात आणि शिक्षकाला कुणाचे गुण कुणाला द्यायचे कळत नाही. फोनची मेमरी लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली, म्हणजे नवीन ॲप बसणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू, म्हणजे बोलून करायची कामं रात्री शक्य नाहीत. रात्रशाळेत शिकवत असाल तर तुमचे विद्यार्थी दिवसभर कामावर असतात. त्यांचा अभ्यास लोकलमध्ये एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने होतो. त्यांच्यासाठी बटणं अंगठा पोचेल अशा जागी आहेत का, हा चैनीचा प्रश्न नाही.

या चिठ्ठ्यांवरून दोन-तीन प्रकारचे विद्यार्थी ठरवा. उदाहरणार्थ, स्वतःचा फोन असलेले, घरचा फोन वाटून घेणारे, आणि ज्यांना दिसायला किंवा ऐकायला अडचण आहे ते. पुढच्या चाचणीत प्रत्येक प्रकारातलं कुणीतरी हवं.

तिसरी पायरी: स्वतः एकदा चाळून घ्या, पण तासाभरात

वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी १९९४ मध्ये मांडलेली दहा तत्त्वं या कामासाठी जगभर वापरतात. दहाही चांगली आहेत, पण वर्गासाठी त्यातली चार मी आधी बघतो. काय चाललंय ते टूल सांगतं का, म्हणजे “सेव्ह झालं”, “पाठवतोय”, “नेट नाही” हे दिसतं का? केलेलं मागे घेता येतं का? चूक झाली तर संदेश कळेल अशा भाषेत येतो का? आणि चूक होऊच नये अशी काही सोय आहे का, की एका बोटाने अख्ख्या गटाचं काम पुसलं जातं?

हे फोनवरच करा. लॅपटॉपवर जे दिसतं ते फोनवर असेलच असं नाही. काही टूल्सची लिंक फोनच्या ब्राउझरमध्ये फक्त वाचता येते, लिहायला ॲप घ्यावं लागतं. जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची सोय फोनवर तीन मेनूंच्या आत दडलेली असते, कधी नसतेच.

मराठीची तपासणी वेगळी करा. परदेशी परीक्षणं वाचून तिचं उत्तर मिळत नाही. “किनाऱ्यावरच्या कुऱ्हाडी”, “ज्ञानेश्वर”, “दुष्काळ”, “ऑक्टोबर” असे शब्द लिहा आणि तीन गोष्टी बघा. स्क्रीनवर जोडाक्षरं नीट दिसतात का? पीडीएफ काढल्यावर तशीच राहतात का? शोधल्यावर सापडतात का? शेवटच्या प्रश्नात एक गंमत आहे. “ॲ” हे अक्षर एका कीबोर्डवर एकच चिन्ह म्हणून उमटतं, दुसऱ्यावर “अ” आणि वरची चंद्रकोर जोडून बनतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच. पण एका मुलाने लिहिलेला “ॲप” हा शब्द दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही, आणि मुलांना वाटतं मजकूर उडाला. बोलून टाइप करण्याची सोय मराठीत चालते का तेही पाहा. ज्यांना कीबोर्ड जड जातो त्यांचा निम्मा प्रश्न तिथे सुटतो.

वर्गात दृष्टिहीन किंवा अल्पदृष्टी विद्यार्थी असेल तर अँड्रॉइड फोनमधलं टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून सांगणारी सोय, सुरू करून, डोळे मिटून, एक वाक्य लिहून बघा. बटणाला नाव नसेल तर टॉकबॅक नुसतं “बटण, बटण” म्हणत राहतं. ऑनलाइन फळ्याचे बरेच प्रकार इथे आपटतात, कारण चौकोन कुठे चिकटवलाय हे ऐकून कळत नाही. साधं शेअर केलेलं डॉक्युमेंट तुलनेने बरं चालतं. अक्षर आणि पार्श्वभूमीच्या रंगातला फरक किमान ४.५ ला १ असावा असं वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वांत आहे. फिक्या पिवळ्या चौकोनावर पांढरी अक्षरं बघितलीत की समजा, नापास. या बाबतीत मदत हवी असेल तर मुंबईत झेवियर्स कॉलेजचं दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र २००३ पासून काम करतं.

चौथी पायरी: मुलांना बसवा

सगळा लेख या पायरीसाठी आहे. वेळ कमी असेल तर तिसरी गाळा, ही गाळू नका.

किती मुलं लागतील? नील्सन यांचा प्रसिद्ध हिशेब असा की एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, आणि पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. पण ते पाचही एकाच प्रकारचे असतील तर, आणि काम एकेकट्याने करायचं असेल तर. आपलं काम गटाचं आहे, म्हणून मोजायचं एकक गट. तिघांचे तीन गट घ्या, आणि प्रत्येक गटात फोन वाटून घेणारं एक तरी मूल असू द्या. हुशार मुलांनाच बोलावण्याचा मोह होतो. कॉम्प्युटर क्लबची पोरं कुठलंही टूल चालवून दाखवतात. त्यातून काही कळत नाही.

पालकांची लेखी परवानगी आधी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला मूल धरलं आहे आणि तिची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळता येणारी संमती अपेक्षिली आहे. नुसती चाचणी असली तरी मुलांना खऱ्या जन्मतारखा आणि आडनावं टाकायला लावू नका.

तिघांना एका खोलीत पण एकमेकांकडे पाठ करून बसवा, म्हणजे घरून काम केल्यासारखं होईल. वायफाय बंद. एका फोनचा हॉटस्पॉट तिघांना द्या. नेट हळू चालेल, आणि तेच हवं आहे. प्रत्येकाला कामाची चिठ्ठी द्या. चिठ्ठीत टूलमधल्या बटणांची नावं येऊ देऊ नका. “कमेंट करा” असं लिहिलंत तर मूल कमेंट हा शब्द शोधत बसेल आणि तुम्ही त्याची दृष्टी तपासाल, टूल नाही. अशी कामं द्या:

१. ग्रुपवर आलेल्या लिंकवरून प्रकल्पात शिरा आणि तुमचं नाव इतरांना दिसेल असं करा.
२. मिठी नदी कुठून निघते ते मराठीत दोन ओळींत लिहा. तिघांनी एकाच परिच्छेदात लिहायचं आहे.
३. मैत्रिणीच्या वाक्यात पावसाचा आकडा चुकलाय. तिचं वाक्य न बदलता तिला कळवा.
४. मघाशी असलेली एक ओळ आता नाही. ती कुणी काढली ते शोधा आणि परत आणा.

चौथं काम द्यायच्या आधी ती ओळ तुम्ही गुपचूप काढलेली असावी, हे ओघानेच आलं. मुलांना सांगायचं, “तुमची परीक्षा नाही, या ॲपची आहे. अडलात तर ॲप नापास.” हे वाक्य दोनदा सांगा. आपल्याकडे शिक्षक समोर वही घेऊन बसला की मूल घाबरतंच.

संशोधक अशा वेळी वापरणाऱ्याला मनातलं मोठ्याने बोलायला सांगतात. ही पद्धत १९८२ मध्ये आयबीएममध्ये क्लेटन लुईस यांनी या क्षेत्रात आणली. मोठ्यांना ती जमते. चौदा वर्षांचं मूल मात्र बाईंसमोर स्वतःशी बोलत नाही, गप्प होतं. त्याऐवजी एका फोनवर दोघांना बसवा. “अरे तिकडे नको दाबू”, “थांब, हे काय आलं?” असं ती आपोआप बोलतात आणि तुम्हाला हवं ते सगळं मिळतं. पाठ करून बसलेल्या तिघांच्या जागी तीन जोड्या बसवल्या तरी चालेल.

तुम्ही मागे बसा आणि तोंड बंद ठेवा. शिक्षकाला यापेक्षा अवघड काम नाही. मूल चुकीच्या बटणावर बोट नेतंय आणि आपण गप्प बसायचं, हे आपल्या हाडात नाही. दोन मिनिटं पूर्ण अडकलं, तरच मदत करा, आणि मदत केली अशी नोंद करा. मदतीशिवाय काम झालं का, किती मिनिटं लागली, कुठे बोट थबकलं, एवढं लिहिलं तरी पुरतं. बोट थबकण्याची जागा फार बोलकी असते.

गटासाठी म्हणून आणखी काही गोष्टींवर नजर ठेवा. कॅनडातले संशोधक कार्ल गटविन आणि सॉल ग्रीनबर्ग यांनी सहकामाच्या सॉफ्टवेअरसाठी ही बाजू बारकाईने मांडली आहे: समोरासमोर काम करताना कोण कुठे हात घालतोय ते आपल्याला दिसतं, स्क्रीनवर ते मुद्दाम दाखवावं लागतं. तेव्हा बघा, दुसरा आत्ता लिहितोय हे पहिल्याला कळतं का? दोघांनी एकाच ओळीत लिहिलं तर काय होतं? लॉगिन न करता गूगल डॉक्सची लिंक उघडली की नावाऐवजी कुठल्यातरी प्राण्याचं नाव झळकतं. मुलांना त्याचं भारी हसू येतं, आणि पाच मिनिटं “हा कोल्हा कोण रे?” यातच जातात. गुण देताना मात्र कोल्हा कोण हे शिक्षकालाही माहीत हवं.

मध्येच एक प्रयोग करा. एका मुलाला फोन एअरप्लेन मोडवर टाकायला सांगा, दोन मिनिटं लिहू द्या, मग मोड काढा. त्याने लिहिलेलं टिकलं का? की दुसऱ्याच्या मजकुरावर बसलं? की गुपचूप नाहीसं झालं? डेटा संपणं, आईला फोन येणं, रेल्वेत नेटवर्क जाणं, या सगळ्याची ही एकच चाचणी आहे. जे टूल इथे मुलाचं लिहिणं हरवतं ते माझ्या यादीतून बाद, बाकी काहीही असो. एकदा लिहिलेलं गेलं की मूल दुसऱ्यांदा मन लावून लिहीत नाही.

सुरुवातीला आणि शेवटी फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपने किती डेटा खाल्ला ते बघून लिहून ठेवा.

पाचवी पायरी: दहा वाक्यं

काम संपल्यावर लगेच, गप्पा सुरू व्हायच्या आधी, एक छोटी प्रश्नावली द्या. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये बनवलेली एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही मापनपट्टी मोफत आहे आणि कुठल्याही टूलला चालते. दहा वाक्यं असतात, एक सरळ, एक उलटं: हे मला पुन्हा वापरावंसं वाटेल, हे उगाच गुंतागुंतीचं आहे, हे वापरायला सोपं आहे, हे वापरायला मला कुणाची तरी मदत लागेल, अशा क्रमाने. प्रत्येकाला १ ते ५ गुण, १ म्हणजे अजिबात पटत नाही आणि ५ म्हणजे पूर्ण पटतं.

हिशेब असा. विषम क्रमांकाच्या वाक्यांच्या गुणांतून १ वजा करा. सम क्रमांकाच्या वाक्यांचे गुण ५ मधून वजा करा. दहांची बेरीज करून २.५ ने गुणा. समजा एका मुलीने ओळीने ४, २, ४, ३, ४, २, ३, २, ३, ३ असे गुण दिले. विषम वाक्यांचे ३, ३, ३, २, २ म्हणजे १३. सम वाक्यांचे ३, २, ३, ३, २ म्हणजे १३. एकूण २६, गुणिले २.५, म्हणजे ६५. ही टक्केवारी नाही. सुमारे ५०० अभ्यासांची सरासरी ६८ निघाली आहे, म्हणजे ६५ सरासरीच्या किंचित खाली. पस्तीसला पास या आपल्या सवयीने हा आकडा वाचू नका.

नऊ मुलांच्या सरासरीवर फार भरही देऊ नका. दोन टूल्सची तुलना करायला तिचा उपयोग आहे. एकट्या टूलबद्दल तुमच्या वहीतल्या नोंदी जास्त सांगतात. आणि मुलं शिक्षकांना बरं वाटावं म्हणून चार-पाच गुण देतात. चौथ्या कामात रडकुंडीला आलेला मुलगा “खूप सोपं आहे” वर ५ देतो, तेव्हा नोंदीवर विश्वास ठेवा. पाचवी-सहावीच्या मुलांना उलटसुलट वाक्यं झेपत नाहीत. त्यांना “कुठे राग आला?” एवढंच विचारा.

सहावी पायरी: अडचणींना वजन द्या

सापडलेली प्रत्येक अडचण एका ओळीत लिहा आणि तिला ० ते ४ गुण द्या. ० म्हणजे अडचणच नाही, १ म्हणजे दिसण्यापुरती, २ किरकोळ, ३ मोठी, ४ म्हणजे काम थांबतं. किती गटांना ती आली तेही शेजारी लिहा. मग एक खूण करा: ही टूलची अडचण की आपली? “ॲक्सेस मागतंय” याला ४ मिळतील, पण लिंक शेअर करतानाची सेटिंग तुम्ही बदललीत की ती संपते. बटण मराठीत नाही, ही टूलची अडचण आहे, पण कुठलं बटण कशाचं हे दाखवणारं एक चित्राचं पान दिलंत की ती २ वर येते. लिहिलेलं हरवणं, हे तुम्हाला दुरुस्त करता येत नाही.

शिकण्याचा प्रश्न इथेच विचारून घ्या, कारण टूल गुळगुळीत चालूनही शिकणं शून्य असू शकतं. फिनलंडचे पेत्री नोकेलाइनेन यांनी २००६ मध्ये तांत्रिक वापरसुलभता आणि शैक्षणिक वापरसुलभता अशी सरळ फोड केली. आपल्या भाषेत सांगायचं तर: मुलांचं डोकं मिठी नदीत होतं की मेनूत? तिघांनी लिहिलं की एकाने लिहिलं आणि दोघांनी नुसतं “छान” म्हटलं? बदलांचा इतिहास उघडा, कळेल. दोनच शिक्षक असलेल्या शाळेत हेही विचारा की चाळीस मुलांच्या तेरा प्रकल्पांवर अभिप्राय द्यायला तुम्हाला किती वेळ लागेल. शिक्षकही वापरकर्ताच आहे.

सातवी पायरी: बाहेर पडायचा रस्ता

गूगलने जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केला. त्याआधी १ ऑक्टोबरपासून त्यावर फक्त बघता येत होतं. म्हणून नवीन टूलमध्ये पहिल्याच दिवशी एक प्रकल्प बाहेर काढून बघा: फाइल कुठल्या स्वरूपात येते, मराठी शाबूत आहे का, नावं राहतात का. फुकट योजनेच्या मर्यादाही तेव्हाच वाचा. झूमच्या मोफत मीटिंगला ४० मिनिटांची मर्यादा आहे. एका तासिकेला ती पुरते, गटाची सादरीकरणं ठेवलीत की नाही.

मुख्याध्यापकांना अहवाल अर्ध्या पानाचाच द्या, लांब वाचला जात नाही. कोणतं काम, किती गट, किती जणांनी मदतीशिवाय पूर्ण केलं, ३ आणि ४ वजनाच्या अडचणी, एका तासाचा डेटा, आणि तुमचं मत: घ्यावं, अटींवर घ्यावं, की नको. खाली तारीख आणि ॲपची आवृत्ती लिहा. दिवाळीच्या सुट्टीत ॲप अपडेट होतं आणि दुसऱ्या सत्रात बटणं जागेवर नसतात. तेव्हा एक गट बसवून पहिली दोन कामं आणि एअरप्लेन मोडचा प्रयोग पुन्हा करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.